जीटी८६ ला १९ इंची चाकं लावू की नको?

चाकोरीबाहेर:
मंडळी, वर्षभर हा विषय डोक्यात घोळतोय, आता काय तो निकाल लावायचाय. गाडी टोयोटा जीटी८६, २०१३ ची, मॅन्युअल, सस्पेन्शन कंपनीचंच. चाकं १७ × ७, ऑफसेट ४८, त्यावर २१५/४५ आर १७ टायर. मागून बघितलं की चाकं फेंडरच्या आत अंग चोरून बसल्यासारखी दिसतात.

एकाकडे १९ × ८.५, ऑफसेट ३५ चा सेट आहे, पीसीडी ५ × १०० (पाच नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), वर २२५/३५ आर १९ टायर. तो म्हणतो, "भोकं जुळली म्हणजे झालं." गाडी रोज वापरतो, वर्षातून चार-पाचदा ट्रॅकवर नेतो. आकड्यांत मी कच्चा. चाकं बसतील का, आणि बसली तर गाडीची मजा जाईल का, एवढं सांगा.

बॉक्सरबुवा:
बसतील. तिरका केला की सोफाही दारातून आत जातो.

आधी उंची बघा. २१५/४५ आर १७ म्हणजे टायरची भिंत २१५ च्या ४५ टक्के, ९६.७५ मिमी. ती दोनदा धरायची, त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिळवायचे. झाले ६२५.३ मिमी. याच हिशेबाने तुमचा १९ चा सेट ६४०.१ मिमी, म्हणजे २.४ टक्के मोठा. कंपनीचे काटे मुळातच वेग थोडा चढवून दाखवतात, तेव्हा स्पीडोमीटरची चिंता सोडा. दुखणं आहे गिअरचं. या इंजिनाला टॉर्क २०५ न्यूटन-मीटर, त्यात ३५०० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान जो खड्डा आहे तो तुम्हाला रोज जाणवत असेलच. चाक मोठं झालं की सगळेच गिअर २.४ टक्क्यांनी लांबतात, म्हणजे त्याच वेगाला आरपीएम कमी. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना नेमके त्या खड्ड्यात सापडाल.

आता ऑफसेट. चाकाची मधली रेषा आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणारी सपाटी यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. तुमच्या ७ इंची रिमची अर्धी रुंदी ८८.९. त्यातून ४८ वजा केले की बाहेरची कड हबपासून ४०.९ वर. ८.५ इंचीची अर्धी रुंदी १०७.९५, वजा ३५, उरले ७२.९५. म्हणजे कड ३२ मिमी बाहेर. आतल्या बाजूला बेरीज करा: १३६.९ चे १४२.९५ झाले, स्ट्रटकडे (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याकडे) फक्त ६ मिमी सरकलं. फेंडर भरलेला दिसेल, तेवढ्यावर तुम्ही खूश व्हाल. पण चाकाची मधली रेषा १३ मिमी बाहेर गेली, त्यामुळे पुढच्या चाकांचा स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो आणि टायरचा मध्य यांतलं जमिनीवरचं अंतर) बदलतो. रस्त्यावरची प्रत्येक चाकोरी स्टीअरिंग ओढायला लागते. (तुमचं नाव बघता हे विशेष लागू.)

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी याच गाडीला १८ × ९.५, ऑफसेट ३० ची चाकं लावली होती, गाडी ३० मिमी खाली केलेली, कँबर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) जवळजवळ शून्य. गणित चाकं लावल्यानंतर करून पाहिलं: कड पन्नास मिमी बाहेर! उभ्या गाडीत फटीतून बोट जात होतं, म्हणून मी निर्धास्त. पहिल्याच गतिरोधकावर मागून 'खर्रर्र' आणि रबर जळल्याचा वास. चाक काढून पाहिलं तर टायरच्या खांद्यावर चकचकीत पट्टा आणि फेंडरच्या आतली दुमडलेली पत्र्याची कड रंग खरवडून पांढरी पडलेली. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली: चाक लावायचं, खालच्या आर्मखाली जॅक घालून तो एकच कोपरा पूर्ण दाबून उचलायचा, स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं. स्ट्रट आणि टायरच्या मध्ये प्लॅस्टिसिनचा (मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा) गोळा दाबून ठेवायचा. गोळा किती चेपला ते दिसतं, अंदाज बांधायची गरज उरत नाही.

आणि भोकं जुळली म्हणजे झालं असं ज्याने सांगितलं, त्याला मधल्या भोकाचा व्यास विचारा. आपल्या हबचा ५६.१ आहे, बाजारातल्या बऱ्याच चाकांचा ७३.१. मधे रिंग नसेल तर चाक नटांच्या भरवशावर मध्यावर येतं आणि शंभरच्या आसपास स्टीअरिंग थरथरतं. मग माणूस चार वेळा बॅलन्सिंग करत बसतो. नटही जपून. बहुतेक टोयोटांचे नट एम१२ × १.५, आपली गाडी सुबारूच्या घरची, तिला एम१२ × १.२५ लागतात. चुकीचा नट पहिले दोन वेढे गोडीत जातो, पुढे जोर लावलात की स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या बोल्टचे) आटे गेलेच.

माझं मत विचाराल तर १७ × ८, ऑफसेट ४५, त्यावर २२५/४५ आर १७. बाहेर १६, आत १० मिमी, उंची १.४ टक्के जास्त.

काटा_सातहजार:
बुवांशी उंचीपुरता सहमत, रुंदीबाबत नाही. ट्रॅकवर जाणारा माणूस ८ इंचावर का थांबतो? १७ × ९, ऑफसेट ४२ आणि २४५/४० आर १७. व्यास ६२७.८, म्हणजे मूळ मापाहून अर्धा टक्काही जास्त नाही. पुढे थोडा निगेटिव्ह कँबर (चाकाचं डोकं आत झुकलेलं) द्यावा लागेल, तो ट्रॅकला तसाही हवाच. मात्र चारही चाकांना एकच माप ठेवा. मागे रुंद आणि पुढे अरुंद केलंत की नाक वळणाबाहेर जायला लागतं, शिवाय पुढचे-मागचे टायर अदलाबदल करता येत नाहीत.

बॉक्सरबुवा:
त्यांची गाडी रोजची आहे हो. या गाडीला कंपनीने मुद्दाम मिशेलिनचे प्रायमसी टायर दिले होते, प्रियसवर येत तेच. कमी वेगातही शेपूट हलावी म्हणून. २०० घोड्यांना २४५ चे चिकट टायर लावले की गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते. वेळ कमी लागतो, हसू पण कमी येतं.

काटा_सातहजार:
मला स्टॉपवॉच बघून हसू येतं. ज्याची त्याची आवड.

गॅरेजातला_मुक्काम:
दिसायला १९ च भारी. चालू द्या.

चाकोरीबाहेर:
सगळ्यांचे आभार. बाथरूमचा वजनकाटा घेऊन तो १९ चा सेट बघायला गेलो होतो. टायरसकट एक चाक माझ्या आत्ताच्या चाकापेक्षा साडेतीन किलो जड निघालं. मधलं भोक ७३.१, रिंग एकही नाही. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचले: ३११५. म्हणजे २०१५ चा ३१ वा आठवडा. खोबणीत नखभर रबर होतं म्हणून तो माणूस "नवेच आहेत" म्हणत होता. नमस्कार करून परत आलो.

बुवांचं माप घेतलं. जॅक आणि प्लॅस्टिसिन दोन्ही करून झालं, गोळा जेमतेम चेपला. टायर घेताना लोड इंडेक्स बघितला: जुन्यावर ८७, नव्यावर ९१, म्हणजे ५४५ च्या जागी ६१५ किलो. कमी नाही ना, एवढंच बघायचं होतं.

एक राहिलं. पुढून झकास, पण मागून अजूनही जरा अंग चोरल्यासारखीच दिसतात. मागे पाच मिमीचे स्पेसर (हब आणि चाकाच्या मधे बसणाऱ्या चकत्या) टाकू का?

बॉक्सरबुवा:
स्पेसर ठेवा, नट हाताने फिरवा आणि वेढे मोजा. दहा पूर्ण वेढे बसले तर बोलू. नाहीतर आधी लांब स्टड.