घर बदललं आणि नेट गेलं: तुमचे अनुभव सांगा

सायली_न:
लेकाने आत्ता बंगळूरच्या नव्या फ्लॅटमधून फोटो पाठवला, राउटरवर लाल दिवा. "आई, सकाळी मीटिंग आहे गं." मला एकदम २००९ आठवलं. चिंचवडहून नाशिकला आलो होतो, लँडलाइनवरचं ब्रॉडबँड. हे जहाजावर, बंदराला लागलं की कॉल यायचा आणि नेमकं तेव्हाच नेट तुटायचं. पंधरा दिवस मॉडेम बंद-चालू, बंद-चालू. रडू यायचं अक्षरशः. मग लाइनमनकाका आले. "ताई, आत दुसरा फोन आहे का?" होता ना, सासूबाईंच्या उशाशी, थेट वायरीला जोडलेला. फोन आणि नेटचा सिग्नल वेगळा करणारी डबी, म्हणजे स्प्लिटर, फक्त हॉलमधल्या फोनला. रिंग वाजली की नेट बंद! काकांनी आतल्या फोनलाही तशीच एवढीशी डबी लावली, त्या रात्री दीड तास बोललो. तुमचंही लिहा.

निनाद७७:
एलओएसचा दिवा लाल आहे का विचारा. म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. रीसेटच्या भोकात टाचणी अजिबात घालू नको म्हणावं, सेटिंग उडेल आणि लाल दिवा तसाच राहील. बारीक वायर कुठे मुडपली आहे का बघा. आमच्याकडे सामानवाल्यांनी सोफा टेकवला होता तिच्यावर.

गौरीची_आई:
डोंबिवली ते बदलापूर, २०२१, ऑनलाइन शाळा चालू. एरर ६९१, म्हणजे लॉगिनच होईना. पासवर्ड वीसदा टाकला. तर जुन्या काँप्युटरचा मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) नेटवाल्यांकडे बांधलेला आणि मी नवीन राउटर घेतलेला! एका फोनचं काम होतं, पण चार दिवस कोणी सांगितलं नाही. पोरीची चाचणी बुडली, अजून वाईट वाटतं. कुकर झालाय, नंतर येते.

मृण्मयी_क:
सासूबाईंचा पॅरलल फोन!! आमच्या आजीने त्यावर क्रोशाचं झाकण घातलं होतं. आहे का अजून कोणाकडे?

सायली_न:
लाल-पांढरं. देव्हाऱ्याच्या कप्प्यात आहे 😊

साताराकर:
आमचं वेगळंच. २०० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन, वायफायवर नीट, पण डेस्कटॉपला ९५ च्या वर जाईना. नेटवर्क कार्ड बदललं, विंडोज नवीन टाकलं. शेवटी नेटच्या वायरीचा भिंतीतला सॉकेट उघडला, आठपैकी चारच तारा जोडलेल्या. चार तारांवर १०० च्या पुढे जातच नाही. दोन्ही टोकांना आठही तारा पुन्हा दाबून बसवल्या, झालं. नवीन घर घेताना हे बघाच, बिल्डरचा माणूस सांगत नाही.

रेवा१२:
@सायली नाशिकला कुठे? आम्ही इंदिरानगर!

सायली_न:
अगं आम्ही पाथर्डी फाटा, जवळच की. आणि निनाद, एलओएसच आहे. कपाट सरकवलं, वायर मोकळी केली, अजून लालच. माणूस उद्या अकराला येणार, मीटिंग नऊला. डेस्कटॉपला वायफाय नाही त्याच्या.

निनाद७७:
मोबाइल चार्जिंगच्या केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायला सांगा, मोबाइलचं नेट डेस्कटॉपला मिळतं. साधी मीटिंग होऊन जाते.

मृण्मयी_क:
त्या झाकणाचा फोटो टाक ना सायली.