मदत हवी आहे: पाण्याची जुनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांची) लाइन, फक्त बाथरूमची बदलावी की सगळीच?

ठाण्यात १९९१ च्या इमारतीत फ्लॅट आहे. आतली सगळी लाइन भिंतीत गाडलेली, अर्ध्या इंची जीआयची. दोन महिन्यांपासून बेसिनमागची भिंत ओली आणि सकाळचं पहिलं मगभर पाणी तांबूस. शेजाऱ्यांकडे स्वच्छ येतं. नळांच्या जाळ्या साफ केल्या. गावी गेलो तेव्हा मेन कॉक बंद ठेवला, तर ओल बरीच उतरली. म्हणजे गळती आमच्याच लाइनला. एक टाइल फोडून पाहिली: एल्बोच्या (वळणावरच्या जोडाच्या) आट्यांवर गंजाचे पापुद्रे, पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट.

स्वयंपाकघरात धार चांगली आहे, ओटाही तीनच वर्षांपूर्वीचा. तो फोडायचं जिवावर येतं. म्हणून बाथरूमपुरतं सीपीव्हीसी टाकायचा विचार आहे (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप; गीझर आहे, साधं पीव्हीसी नको). एक प्लंबर म्हणतो, नवा पाइप जुन्याला जोडणारा पितळी जोड आवळताना जुना जीआय आतच तुटेल. दुसरा म्हणतो, काही होत नाही. घरात ८२ वर्षांच्या सासूबाई, बाथरूम एकच, त्यामुळे चार दिवसांत काम उरकायला हवं.

असं अर्धंच काम केलेल्यांनी कृपया सांगा, जोड टिकला का? की स्वयंपाकघराची जुनी लाइन भिंतीतच बंद करून नवीन पाइप बाहेरून नेणं बरं?