शब्दचर्चा : ‘समभारिकांच्या विदेचे मूल्यमापन’ म्हणावे का?

विचारणा

अणुकेंद्रांची रचना आणि किरणोत्सारी क्षय यांविषयीची मोजमापे, म्हणजे विदा (डेटा), जगभरच्या प्रयोगशाळांतून प्रसिद्ध होतात, ती कोणीतरी पारखून एकत्र मांडतो आणि मग तेच आकडे रुग्णालयापासून अणुभट्टीपर्यंत सगळीकडे वापरले जातात. या कामावर मी एका विज्ञान नियतकालिकासाठी लेख लिहीत असून त्यातील एका वाक्यापाशी दोन दिवस अडलो आहे. ते वाक्य सध्या असे आहे : ‘न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन येथे सांभाळल्या जाणाऱ्या ईएनएसडीएफ या संग्रहासाठी एकेका अणुवस्तुमानांकाच्या समभारिकांच्या विदेचे मूल्यमापन केले जाते.’ संपादकांनी समासात दोन प्रश्नचिन्हे काढून पाठवली आहेत, एक ‘समभारिक’ या शब्दावर आणि एक ‘मूल्यमापन’ या शब्दावर. (अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक; तो समान असलेली वेगवेगळ्या मूलद्रव्यांची अणुकेंद्रे म्हणजे समभारिक, इंग्रजीत ‘आयसोबार’. ईएनएसडीएफ हा अणुकेंद्रांच्या रचनेविषयीच्या पारखलेल्या विदेचा संग्रह आहे.) पहिल्या शब्दाबाबत त्यांचे म्हणणे असे की, भूगोलाच्या पुस्तकात समभार रेषा असतात, त्यामुळे वाचकाला हवामानाचा नकाशा आठवेल. दुसऱ्याबाबत त्यांनी काहीच लिहिलेले नाही. नुसते प्रश्नचिन्ह आहे. जाणकारांनी दोन्ही शब्दांवर मत द्यावे, ही विनंती.

पहिले उत्तर

संपादकांची शंका रास्त आहे, पण खरी अडचण हवामानाच्या नकाशात नाही. समभार रेषांना आता बरीच पुस्तके समदाब रेषा म्हणतात, शिवाय संदर्भ इतका वेगळा असतो की गोंधळ फार काळ टिकत नाही. दोन्हीकडचा ‘आयसोबार’ हा इंग्रजी शब्द ग्रीकमधील ‘वजन’ या अर्थाच्या शब्दावरूनच आलेला आहे. अणूंच्या संदर्भात तो ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉल्टर स्ट्यूअर्ट यांनी १९१८ मध्ये सुचवला, म्हणजे फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये ‘आयसोटोप’ हा शब्द रूढ केल्यानंतर पाच वर्षांनी. ‘समस्थानिक’ हे आपले भाषांतर उत्तम साधले आहे, कारण आवर्त सारणीत एकाच स्थानी बसणारे ते समस्थानिक, हे शब्दच सांगतो. ‘समभारिक’ मात्र तितके नीट साधलेले नाही.

अडचण ‘भार’ या शब्दाची आहे. मराठीत भार म्हणजे ओझे, हे खरे. पण विज्ञानाच्या वर्गात मुलगा ‘धनभार’ आणि ‘ऋणभार’ हे शब्द आधी शिकतो, आणि तिथे भार म्हणजे विद्युत प्रभार. मग ‘ज्यांचा भार समान ते समभारिक’ अशी फोड त्याने केली, तर त्याला ज्यांच्या अणुकेंद्रावरचा प्रभार समान आहे असे अणू मिळतात, आणि ते तर समस्थानिक! म्हणजे शब्द नेमका उलट्या दारात नेऊन सोडतो. मी वर्गात ही चूक उत्तरपत्रिकांमध्ये पाहिली आहे, आणि खरे सांगायचे तर गुण कापताना हात जड झाला, कारण मुलाने मराठी बरोबर वाचले होते.

त्यात तुमच्या लेखात पुढे सरासरी येणार असेल, तर तिला, म्हणजे अधिक विश्वासार्ह मोजमापाला अधिक वजन देऊन काढलेल्या सरासरीला, आपण ‘भारित सरासरी’ म्हणतो. समभारिकांच्या धनभारित अणुकेंद्रांविषयीच्या मोजमापांची भारित सरासरी असे वाक्य लिहावे लागले, तर भार या एका शब्दावर तीन अर्थांचा भार पडेल.

दुसरे उत्तर

मी गॅमा किरणांच्या मोजमापाशी काही वर्षे संबंधित होतो, म्हणून वस्तूच्या बाजूने थोडे लिहितो.

‘समान वजनाचे’ हा अर्थसुद्धा काटेकोर नाही. अणुवस्तुमानांक १३७ घ्या. सीझियम-१३७ मध्ये ५५ प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉन असतात, तर बेरियम-१३७ मध्ये ५६ प्रोटॉन आणि ८१ न्यूट्रॉन. बेरीज दोन्हीकडे १३७ आहे, पण वस्तुमान सारखे नाही. सीझियमचा अणू बेरियमच्या अणूपेक्षा सुमारे १.१८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढ्या ऊर्जेने जड आहे. हा फरक आहे म्हणूनच क्षय होतो. वस्तुमाने खरोखरच समान असती, तर सीझियमला बेरियम होण्याचे काही कारणच उरले नसते. तेव्हा समान असते ती केवळ मोजणी, वजन नव्हे. तरीही मी ‘समभारिक’ बदलू नये असे म्हणेन, कारण तो पाठ्यपुस्तकांत आणि संदर्भग्रंथांत रुळला आहे आणि ‘समवस्तुमानांकी’ हा पर्याय उच्चारताना धाप लागते. पहिल्याच वापराच्या वेळी ‘प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या समान असलेली वेगवेगळ्या मूलद्रव्यांची अणुकेंद्रे’ असे एकदा सांगून टाकावे, म्हणजे पुढे प्रश्न येत नाही.

समभारिक एकत्र का हाताळतात, हेही लेखात यायला हवे, नाहीतर वाचकाला ती विभागणी मनमानी वाटेल. बीटा क्षयात न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो किंवा प्रोटॉनचा न्यूट्रॉन; एकूण संख्या बदलत नाही, म्हणून बीटा क्षय होणारे अणुकेंद्र त्याच समभारिक साखळीत पुढच्या कडीवर जाते. १३७ च्या साखळीत एका बाजूने आयोडीन, झेनॉन, सीझियम असे उतरत यावे आणि दुसऱ्या बाजूने सिरियम, लँथॅनम असे. दोन्ही उतार तळाशी बेरियमला येऊन मिळतात. सीझियम-१३७ चा बटणाएवढा स्रोत शोधकापुढे ठेवला की पडद्यावर ६६२ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी एक उंच शिखर उभे राहते, आणि प्रत्येक विद्यार्थी वहीत ‘सीझियमचा गॅमा’ असे लिहितो. वास्तविक तो बेरियमचा असतो. सीझियमच्या शंभरातील सुमारे ९४ क्षय बेरियम-१३७ च्या एका उत्तेजित पातळीवर पोचतात, ती पातळी सुमारे अडीच मिनिटांच्या अर्धायुष्याने (म्हणजे निम्मी अणुकेंद्रे बदलायला लागणाऱ्या काळाने) रिकामी होते आणि त्या वेळी हा गॅमा बाहेर पडतो. म्हणजे बेरियमची ऊर्जापातळी आणि सीझियमचा क्षय या दोन नोंदी एकाच माणसाने शेजारी ठेवून तपासल्या नाहीत, तर त्या परस्परांशी जुळणार नाहीत. साखळीनिहाय कामाचे कारण हे आहे. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या समन्वयाखाली वेगवेगळ्या देशांतील केंद्रांनी या साखळ्या वाटून घेतलेल्या आहेत, आणि कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्रातील तसेच रुडकीच्या आयआयटीतील अभ्यासकांनीही त्यांतील काही काम केलेले आहे.

एक सूचना. ‘साखळी’ लिहिताना ‘समभारिक साखळी’ असे पूर्ण लिहा. नुसती ‘साखळी’ म्हटली की वाचक साखळी अभिक्रियेकडे, म्हणजे थेट बॉम्बकडे जातो. युरेनियमपासून शिशापर्यंतच्या प्रवासाला ‘मालिका’ म्हणण्याचा प्रघात आहे, तो तसाच ठेवावा. तिथे अल्फा क्षयात संख्या चारने घटते, त्यामुळे ती मालिका एका समभारिक साखळीत राहतच नाही.

विचारणाऱ्याचे उत्तर

‘समभारिक’ ठेवतो आणि व्याख्या देतो. ‘मूल्यमापन’ मात्र तसेच राहिले आहे. ‘मूल्यांकन’ केले तर चालेल का?

तिसरे उत्तर

माझे क्षेत्र भाषेचे आहे, पण वरील चर्चा वाचून ते दुसरे प्रश्नचिन्ह का काढले गेले असेल, हे लक्षात आले. ‘मूल्यमापन’ या शब्दात ‘मापन’ आहे आणि या कामात मापन नाही. मापन प्रयोगशाळेत झालेले असते. हा माणूस दुसऱ्यांनी केलेली मापने पुढ्यात घेऊन बसतो, त्यांत कोणते विश्वासार्ह, कोणते जुन्या उपकरणावरचे, कोणते एकाच गटाने पुन्हा छापलेले, हे ठरवतो आणि शेवटी एक आकडा स्वीकारतो. शिवाय शाळेत ‘सर्वंकष मूल्यमापन’ आल्यापासून हा शब्द श्रेणी देण्याशी इतका जोडला गेला आहे की, ‘सीझियमचे मूल्यमापन’ म्हटले की त्याला कोणती श्रेणी मिळाली, असे विचारावेसे वाटते. ‘मूल्यांकन’ हा शब्द बँकेत तारण ठेवलेल्या घरासाठी वापरतात. तोही मला रुचत नाही.

या कामाला मराठीत आधीपासून एक नमुना आहे आणि तो पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती अशाच रीतीने सिद्ध झाली. निरनिराळ्या लिप्यांमधील हस्तलिखिते ताडून पाहायची, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवलेली आहे हे ओळखायचे, एकाच मूळ प्रतीच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षी नव्हेत हे ध्यानात ठेवायचे, एक पाठ स्वीकारायचा आणि बाकीचे पाठभेद तळटीपेत जपून ठेवायचे. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादनाखाली ही पद्धत घडली, आणि जिथे स्वीकारलेल्या पाठाची पुरती खात्री नव्हती तिथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ देण्याची शिस्त पाळली गेली. म्हणून मी ‘चिकित्सित विदा’ आणि कामाला ‘विदाचिकित्सा’ असे सुचवतो. चिकित्सा म्हणजे दवाखाना असा आक्षेप येईल. पण ‘तो फार चिकित्सक आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याला कोणी डॉक्टर समजत नाही.

दुसरे उत्तर देणाऱ्याची पुरवणी

नागमोडी रेघेचे वाचून मला गंमत वाटली, कारण ईएनएसडीएफमध्येही तीच सोय आहे. ऊर्जापातळीचे परिवलन (स्पिन) आणि समता (पॅरिटी) हे तिचे गुणधर्म सबळ आधारावर ठरलेली असतील, तर ती तशीच लिहितात. आधार दुबळा असेल, तर कंसात लिहितात. प्रत्येक अणुकेंद्रासाठी निरनिराळ्या प्रकारच्या प्रयोगांच्या नोंदी स्वतंत्र ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या आधी ‘स्वीकृत पातळ्या व गॅमा’ असे एक प्रकरण असते, म्हणजे आपल्या भाषेत स्वीकृत पाठ आणि पाठभेद. (एका लेखाच्या हस्तलिखितात इंग्रजी ‘अडॉप्टेड’चे ‘दत्तक पातळ्या’ असे भाषांतर पाहिले होते. कृपया तसे करू नये.)

‘चिकित्सा’ या शब्दाच्या बाजूने आणखी एक उदाहरण देतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य जुन्या नोंदीत ३०.०७ (३) वर्षे असे होते, कंसातला आकडा शेवटच्या स्थानांतील अनिश्चितता दाखवतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या परीक्षणात ते ३०.०८ (९) झाले. मूल्य जागच्या जागी आहे आणि अनिश्चितता तिप्पट झाली आहे. ज्याला हे काम म्हणजे मापन वाटते, त्याला ही पीछेहाट वाटेल. पण या अर्धायुष्याची वेगवेगळ्या गटांनी काढलेली मूल्ये आपापल्या सांगितलेल्या अनिश्चिततेच्या मर्यादेत एकमेकांशी पटत नाहीत, आणि अशा वेळी साधी भारित सरासरी काढली तर ती खोटा आत्मविश्वास दाखवते. म्हणून एका मान्य पद्धतीत कोणत्याही एका मोजमापाचे सापेक्ष वजन निम्म्याहून अधिक होऊ देत नाहीत. तसे होत असेल तर त्या मोजमापाची अनिश्चितता ते निम्म्यावर येईपर्यंत वाढवतात. कितीही मोठ्या घराण्याची प्रत असली तरी एकटीने पाठ ठरवू नये, असाच हा दंडक आहे. आणि हो, कंसातल्या आकड्याला ‘त्रुटी’ लिहू नका. त्रुटी सापडली तर दुरुस्त करायची असते. अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगायची असते.

‘संकलन’ हा शब्द मात्र राखून ठेवावा, कारण ते वेगळे काम आहे. अणुकेंद्रीय अभिक्रियांची प्रायोगिक मोजमापे एक्सफॉर या आंतरराष्ट्रीय संग्रहात जशीच्या तशी नोंदवली जातात, आणि भारतातील प्रयोगांच्या अशा नोंदी करण्यात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील भारतीय अणुकेंद्रीय विदा भौतिकी केंद्राचा पुढाकार राहिला आहे. तिथे निवाडा करायचा नसतो. मूळ निबंधात जे आहे ते अचूक उतरवणे, हेच तिथले कौशल्य आहे.

विचारणाऱ्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे : ‘ब्रुकहेवन येथे सांभाळल्या जाणाऱ्या ईएनएसडीएफ या संग्रहासाठी, प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या समान असलेल्या अणुकेंद्रांची, म्हणजे समभारिकांची, एकेक साखळी हाती घेऊन तिच्याविषयी प्रसिद्ध झालेल्या सर्व मोजमापांची चिकित्सा केली जाते आणि स्वीकृत मूल्ये ठरवली जातात.’ लांबले आहे, पण दोन्ही प्रश्नचिन्हे गेली असे वाटते.

तिसरे उत्तर देणाऱ्याची पुरवणी

वाक्य चांगले झाले आहे. फक्त ‘एकेक साखळी’ऐवजी ‘एकेक समभारिक साखळी’ करा. वर बॉम्बचा इशारा दिलेला आहे.