प्लेस्टेशनचे जुने गेम: चित्र मूळचे ठेवावे की सुधारावे?

कुडाळचा वाचक (प्रश्न)

१९९९ साली माझ्या काकांनी मस्कतहून सोनीचे पहिले प्लेस्टेशन आणले होते. ते यंत्र आता चालत नाही, पण डिस्क मी जपून ठेवल्या आहेत आणि त्यांच्या प्रती संगणकावर घेऊन डकस्टेशन या इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळतो आहे. लहानपणी ट्यूबच्या टीव्हीवर जे चित्र डोळ्यांत भरत असे, ते आता १९२०×१०८० च्या मॉनिटरवर खडबडीत दिसते आणि कॅमेरा फिरला की भिंती व जमिनी थरथरतात. रिझोल्यूशन आठपट वाढवल्यावर कडा रेखीव झाल्या, पण थरथर उलट अधिकच डोळ्यांवर येऊ लागली. फायनल फँटसी ७ मध्ये तर पात्रे धारदार आणि मागची दृश्ये धूसर असा विचित्र मेळ झाला आहे. ही थरथर इम्युलेटरचा दोष आहे की मूळ यंत्रातच ती होती? आणि कोणते पर्याय चालू ठेवणे योग्य ठरेल?

त्रिकोणमिती (उत्तर)

थरथर मूळ यंत्रातलीच आहे. इम्युलेटर ती प्रामाणिकपणे दाखवतो आहे. १९९४ साली जपानमध्ये आलेल्या या यंत्रात त्रिमितीचे गणित करणारा भाग वेगळा होता आणि चित्र काढणारी चिप वेगळी. गणित करणारा भाग प्रत्येक त्रिकोणाच्या शिरोबिंदूंचे पडद्यावरचे स्थान काढून पूर्णांकातच पुढे देत असे, त्यामुळे बिंदू हळू सरकत असला तरी पडद्यावर तो एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर उडी मारतो. आपण रिझोल्यूशन आठपट केले तरी शिरोबिंदू मूळच्या विरळ जाळीलाच चिकटलेले राहतात. रेषा तेवढ्या बारीक होतात आणि म्हणून त्यांची उडी जास्त स्पष्ट दिसते.

दुसरी गोष्ट टेक्स्चरची, म्हणजे त्रिकोणांवर चिकटवलेल्या चित्रांची. चित्र काढणाऱ्या चिपला बिंदू किती खोल आहे हे ठाऊकच नसे, तिच्या दृष्टीने सगळे त्रिकोण सपाट कागदावरचे होते. त्यामुळे जवळ आलेल्या मोठ्या फरशीवरच्या सरळ रेषा वाकड्या होतात. गेम बनवणाऱ्यांना हे माहीत होते आणि अनेकांनी जमीन मुद्दाम लहान लहान तुकड्यांत विभागून हा दोष झाकला. कोणता त्रिकोण पुढे आणि कोणता मागे हेही गेमलाच लांबून जवळच्या क्रमाने ठरवून द्यावे लागे, आणि त्या क्रमात होणारी चूक रिझोल्यूशन वाढवून जात नाही.

यावर उपाय म्हणजे पीजीएक्सपी हा पर्याय. तो चालू केला की इम्युलेटर गणितातून आलेली अपूर्णांकी स्थाने आणि खोली बाजूला जपून ठेवतो आणि चित्र काढताना तीच वापरतो. थरथर थांबते आणि फरशीच्या रेषाही सरळ होतात. काही गेम आपले गणित मुख्य प्रोसेसरवर फिरवतात, त्यांना पीजीएक्सपीचा सीपीयू मोड लागतो, आणि त्याने संगणकावरचा भार बराच वाढतो.

फायनल फँटसी ७ चा प्रश्न मात्र निराळा आहे. तिथली बहुतेक दृश्ये आधीच काढून ठेवलेली स्थिर चित्रे आहेत. त्यांत जेवढे पिक्सेल साठवले आहेत त्यापेक्षा अधिक तपशील रिझोल्यूशन वाढवून येऊ शकत नाही, पात्रे मात्र त्रिकोणांची असल्याने धारदार होतात. रेसिडेंट ईव्हिलचेही तसेच आहे. माझ्या मते अशा गेमना मूळ रिझोल्यूशनवरच ठेवावे. याउलट १९९६ चा क्रॅश बँडिकूट रिझोल्यूशन वाढवून अप्रतिम दिसतो, कारण क्रॅशच्या शरीराचा बहुतेक भाग टेक्स्चरऐवजी त्रिकोणांवर थेट रंग देऊन बनवलेला आहे आणि शुद्ध रंगाला कितीही मोठे केले तरी तो फाटत नाही.

जुना पडदा (उत्तर)

वरील उत्तर अचूक आहे, पण पीजीएक्सपी सरसकट चालू ठेवण्याशी मी सहमत नाही. सायलेंट हिलचे उदाहरण घ्या. दूरवरचे काढण्याची ताकद यंत्रात नव्हती म्हणून त्यात धुके आले, आणि रंगांच्या प्रत्येक घटकाला ३२ च छटा उपलब्ध असल्याने ४×४ च्या ठिपक्यांची नक्षी पसरून मधल्या छटांचा भास निर्माण केला गेला. रिझोल्यूशन वाढवून आणि ट्रू कलर (जास्त छटांचा पर्याय) चालू करून ही नक्षी पुसली, की तेच धुके गुळगुळीत राखाडी पडदा होऊन बसते आणि रस्त्याची भीती ओसरते. मी तो गेम सॉफ्टवेअर रेंडररवर (ग्राफिक्स कार्डाऐवजी मुख्य प्रोसेसरने चित्र काढण्याच्या पर्यायावर), मूळ रिझोल्यूशनला आणि डिदरिंग, म्हणजे ही ठिपक्यांची नक्षी, तसेच ठेवून खेळतो, त्यावर फक्त ट्यूबच्या टीव्हीचा परिणाम देणारा शेडर (तयार चित्रावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोग्रॅम) लावतो.

हा शेडर केवळ जुन्या आठवणींसाठी नाही. या यंत्राचे बहुतेक गेम २४० ओळींचे चित्र देत, आणि ट्यूबवर प्रत्येक ओळीखाली एक काळी फट राहून शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत. कलाकारांनी रंग निवडले ते अशाच पडद्याकडे बघून. आपल्याला थरथर आठवत नाही याचे एक कारण हेही असावे. १०८० ला २४० ने भागले तर साडेचार येतात, म्हणून आपल्या मॉनिटरवर पूर्णांकी पटीचा पर्याय घेऊन चौपटीवर थांबावे आणि उरलेली काळी पट्टी सोसावी, नाहीतर ओळी असमान जाडीच्या दिसतात. उभ्या २१६० पिक्सेलच्या पडद्यावर ही अडचण राहत नाही, कारण तिथे बरोबर नऊपट बसते.

पन्नास हर्ट्झ (उत्तर)

आपल्या डिस्क मस्कतच्या असतील तर त्यांवर पाल (युरोप व आखाताकडची टीव्ही पद्धत) असे छापलेले आहे का, हे आधी पाहावे. पाल आवृत्त्या सेकंदाला ५० वेळा चित्र बदलतात, आणि ज्यांच्या निर्मात्यांनी वेग जुळवून घेतला नाही ते गेम सुमारे १७ टक्के संथ चालतात, शिवाय वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात. डकस्टेशनमध्ये एनटीएससीचा, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीचा सेकंदाला ६० चित्रांचा वेग सक्तीने लावता येतो. पण ज्या गेमचा वेग ५० साठी आधीच जुळवलेला आहे तो त्यामुळे अवाजवी वेगाने पळेल, म्हणून प्रत्येक गेम वेगळा तपासावा लागेल.

कुडाळचा वाचक

मनापासून आभार. डिस्क पालच्याच निघाल्या. क्रॅश बँडिकूट पीजीएक्सपीसह पाचपटीवर ठेवला आहे आणि जमीन एकदम स्थिर झाली. फायनल फँटसी ७ मूळ रिझोल्यूशनवर आणून शेडर लावला, तेव्हा पात्रे पुन्हा त्या खोल्यांमध्येच उभी असल्यासारखी वाटू लागली. सायलेंट हिल दोन्ही प्रकारे अर्धा-अर्धा तास खेळून पाहिला आणि ठिपक्यांसहचाच ठेवला. आता प्रत्येक गेमसाठी स्वतंत्र सेटिंग जतन करतो आहे.