छत्र्या माळ्यावरनं खाली काढा

२०४, काकू (सकाळी ७:४०)
सोसायटीतल्या सगळ्यांना नमस्कार. आज १० फेब्रुवारी. अमेरिकेत आजचा दिवस छत्रीचा दिवस म्हणून पाळतात. काल नातवानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि मला फार आवडलं. चार महिने जी आपल्या डोक्यावर असते, तिची आठवण उरलेले आठ महिने कुणाला येते सांगा? आपणही आज एवढंच करूया. माळ्यावरची, कपाटामागची, गाडीच्या डिकीतली छत्री खाली काढायची आणि एकदा पूर्ण उघडून बघायची.

१०२, दादा (७:५२)
काकू, बाहेर ऊन बघा की ओ 😄 मृग जूनात लागतो.

२०४, काकू (८:०५)
म्हणूनच आत्ता. जूनात दुरुस्तीवाल्याकडं रांग असते. आज तो मोकळा बसलाय, नीट हातात घेऊन काम करतो.
मी सकाळी माझी काढली. गणपतीत भिजलेली तशीच गुंडाळून ठेवली होती. उघडताना कापड घडीवर चिकटलं होतं, चर्र आवाज झाला. काड्यांच्या सांध्यावर तांबूस गंज, त्याचा डाग कापडाला. एका काडीच्या टोकाचा दोरा तुटलाय, तिथं कापड मागं सरकून काडी उघडी पडलीय. एवढंसंच दुखणं. पण आपल्याकडचा पाऊस सरळ कधी पडतो? पश्चिमेकडनं वारा आला की त्या सुटलेल्या टोकातनं आत शिरतो आणि अख्खी छत्री उलटी. मागच्या जूनात बसस्टँडवर नेमकं हेच झालं. हातात औषधांची पिशवी, सगळी भिजली. त्या दिवशी मी छत्रीलाच बोल लावला. चूक माझी होती, दोन टाके घालायचे राहिले होते.

३०१, आजोबा (८:२०)
चांगला विषय. माझी अडचण वेगळी. एका हातात काठी, दुसऱ्यात लांब दांड्याची छत्री. मग गेटचं दार कशानं उघडू? म्हणून पावसाळ्यात मी फिरायला जायचंच सोडलंय.

४०३, ताई (८:३१)
आजोबा, घडीच्या छत्रीचा जन्मच या अडचणीतनं झालाय! जर्मनीत हान्स हाउप्ट म्हणून होते. युद्धात जखमी झालेले, त्यांनाही काठी लागायची. काठी आणि लांब छत्री दोन्ही सांभाळणं जमेना, म्हणून त्यांनी खिशात मावेल अशी छत्री शोधून काढली. १९२८ मध्ये तिचं पेटंट घेतलं.
त्याच्याही खूप आधी काड्याही जड असायच्या, व्हेलच्या जबड्यातल्या हाडासारख्या पट्ट्यांच्या. १८५२ मध्ये इंग्लंडात सॅम्युअल फॉक्स यांनी पोलादाची पन्हाळीसारखी काडी काढली. हलकी आणि वाकली तरी न मोडणारी. अजून आपल्या छत्रीत बहुतेक तशीच असते, बोट फिरवून बघा.

३०१, आजोबा (८:३६)
बघितलं. खरंच पन्हाळी आहे गे बाई! साठ वर्षं छत्री वापरतोय, हे कधी लक्षात आलं नाही.

२०३, अण्णा (८:४४)
आमच्या कन्नडमध्ये कोडे म्हणतात. मला मराठीतला शब्द आवडतो. छत्रपतींच्या डोक्यावरचं ते छत्र आणि आपली ती छत्री.

१०१, मामी (८:५०)
माझं माहेर कणकुंबीकडं. मलप्रभा उगम पावते तिथं, पाऊस विचारू नका. रोप लावणीला छत्री कामाची नाही, दोन्ही हात चिखलात. तिथं इरलंच, पानांचं ते आच्छादन. पाठीवर घेतलं की खाली वाकून दिवसभर काम. आईचं इरलं परसातल्या भिंतीला टांगलेलं असायचं, उन्हाळ्यात ती त्याची पानं बदलायची. वापरायच्या आधी डागडुजी, हे तिला कुणी शिकवायला लागलं नाही. काकूंचं म्हणणं मला तेच वाटतं.

१०२, दादा (८:५८)
पटलं. काढली माझी. तीन निघाल्या! एकीचा खटकाच लागत नाही, उघडली की परत मिटते.

सेक्रेटरी (९:१०)
बाजारातल्या दुरुस्तीवाल्यांशी आत्ताच बोललो. रविवारी दहाला आपल्या गेटपाशी येऊन बसतो म्हणाले. प्रत्येकानं छत्रीला चिठ्ठी बांधावी, फ्लॅट नंबर आणि काय बिघडलंय ते. मजुरी ज्याची त्यानं द्यायची. चहा-चिरमुरे सोसायटीकडून.

२०४, काकू (९:१४)
देव भलं करो. एकच सांगते, तोवर सगळ्यांनी गच्चीवर उघडून सावलीत ठेवा, कडक उन्हात नको, कापडाचा रंग उडतो. आणि दांड्याला काहीतरी बांधा, वाऱ्यानं थेट तिसऱ्या रेल्वे गेटला जातील.

४०३, ताई (९:२०)
आजोबा, माझ्याकडं बटण दाबलं की उघडणारी घडीची जास्तीची एक आहे. एका हातानं उघडते. संध्याकाळी आणून देते, मनगटात अडकवायला दोरी पण आहे.

३०१, आजोबा (९:२३)
ये. तुझ्या आजीनं घावनं करायला घेतलीयत.

सेक्रेटरी (९:४१)
जिन्याखाली मीटरच्या मागं एक मिळाली. काळी, लांब दांड्याची, मुठीला लाल दोरा. कुणाची?

१०२, दादा (९:४५)
आमची नव्हे.

१०१, मामी (९:४६)
आमचीही नाही.

२०४, काकू (९:५०)
दोन वर्षं तिथंच आहे ती. तिलाही रविवारी चिठ्ठी बांधा, पैसे मी देते. दुरुस्त झाली की गेटवर टांगून ठेवा. सकाळी दूध घालायला येतो तो पोरगा पावसात भिजतच येतो.