प्युरिटन समाजात पापाचा न्याय कोण करीत असे?

प्रश्न (वाचनवेडा):
सतराव्या शतकातील मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतील इंग्रज वसाहतीविषयी, म्हणजे तेथील प्युरिटन या कडक आचाराच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांविषयी वाचताना चाबकाचे फटके, खोडे आणि जाहीर पापकबुली यांचे उल्लेख सतत येतात. न्याय पाळक (चर्चचे धर्मगुरू) करीत होते की न्यायालय? आणि व्यभिचारासारखे पाप व चोरीसारखा गुन्हा यांत ते काही फरक करीत होते का?

प्रतिसाद १ (अनिरुद्ध):
पाळकांच्या हाती चाबूक होता, हा समज चुकीचा आहे. तेथे पाळकाला सरकारी पद धारण करता येत नसे आणि मंडळीला (म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांच्या संघाला) कोणालाही दंड किंवा शारीरिक शिक्षा देता येत नसे. मंडळीची रीत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातून आलेली होती : आधी एकांतात समज द्यावी, मग साक्षीदारांसमक्ष, आणि तरीही माणूस ऐकत नसेल तर सर्वांपुढे विषय मांडून शेवटी त्याला बहिष्कृत करावे. फटके, दंड, हद्दपारी आणि फाशी हे सारे न्यायालयाचे काम होते. अर्थात 1631 पासून मतदानाचा हक्क मंडळीच्या सभासदांपुरताच होता, त्यामुळे दोन्हीकडे माणसे बरीचशी तीच असत.

पाप आणि गुन्हा यांतली रेषा मात्र पुसट होती. व्यभिचाराला कायद्याने मृत्युदंड होता आणि 1644 मध्ये बोस्टनमध्ये मेरी लॅथम व जेम्स ब्रिटन यांना त्यासाठी फाशी झालीही. एरवी न्यायालये फटके व दंड यांवर भागवीत. 1641 च्या कायदेसंग्रहाने फटक्यांची मर्यादा चाळीस ठरवली होती आणि देहदंडासाठी दोन-तीन साक्षीदार किंवा तितकाच भक्कम पुरावा आवश्यक मानला होता.

प्रतिसाद २ (मीरा):
वरील उत्तराला रॉबर्ट केन या बोस्टनच्या व्यापाऱ्याचे उदाहरण जोडावेसे वाटते, कारण त्याचे पाप शरीराचे नव्हे, नफ्याचे होते. 1639 मध्ये माल अवाच्या सवा भावाने विकल्याबद्दल न्यायालयाने त्याला 200 पौंड दंड केला, जो पुढे 80 पौंडांवर आणला गेला. त्यानंतर मंडळीनेही त्याच्याकडून जाब मागितला आणि त्याने सर्वांसमोर रडत आपल्या लोभाची कबुली दिली. विषय तेथे मिटला असता. पण 1653 मध्ये लिहावयास घेतलेल्या आपल्या प्रदीर्घ मृत्युपत्रात तो या प्रकरणाचे समर्थन पानेच्या पाने करीत बसला. (केनला दंड झाला त्याच वर्षी, 1639 मध्ये, बोस्टनसाठी खोडा बनविणाऱ्या सुताराने जास्त पैसे लावले म्हणून त्याला त्याच खोड्यात बसविण्यात आले, हेही सांगितल्यावाचून राहवत नाही.)

केनच्या प्रकरणातून दिसते की कबुली हा माणसाला मंडळीत परत घेण्याचा मार्ग होता. विवाहापूर्वी संबंध आलेली जोडपीही अशीच उभी राहून कबुली देत आणि समाजात पुन्हा वावरू लागत.

प्रतिसाद ३ (सदाशिव):
हे मान्य असले तरी कबुली देण्यास नकार देणाऱ्याचे काय होई, हेही पाहावयास हवे. पाळकांच्या शिकवणुकीवर टीका करणाऱ्या अ‍ॅन हचिन्सन यांना 1637 मध्ये न्यायालयाने हद्दपारीची शिक्षा दिली आणि पुढील मार्चमध्ये मंडळीने बहिष्कृत केले. त्यांनी काही मते मागे घेतली होती, पण तो पश्चात्ताप खरा मानला गेला नाही. क्वेकर (प्युरिटनांना अमान्य असलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या) मेरी डायर हद्दपारी मोडून परत आल्या आणि 1660 मध्ये त्यांना फाशी देण्यात आली.

मॅसॅच्युसेट्समधीलच सेलम येथे चेटकाच्या खटल्यांत तर ही रीतच उलटी फिरली. 1692 मध्ये ज्यांनी चेटकाचा आरोप कबूल केला आणि तो जबाब कायम ठेवला, त्यांपैकी कोणीही त्या वर्षी फासावर गेले नाही. जे फासावर गेले, ते खोटी कबुली देण्यास किंवा ती कायम ठेवण्यास नकार देणारे होते. एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्स यांना मंडळीने जुलैच्या आरंभी बहिष्कृत केले आणि 19 जुलैला फाशी झाली. तो बहिष्कार मंडळीने मागे घेतला तो 1712 मध्ये.