छळाला घाबरून ख्रिस्तावरचा विश्वास नाकारणाऱ्यांना मंडळीने (चर्चने) परत घ्यावं का?

मेघश्याम:
इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला: सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायचा. असे दाखले इजिप्तमध्ये सापडलेत. ‘मी नेहमीच देवांना अर्पण करत आलोय, आत्ताही तुमच्या डोळ्यांदेखत केलं, अर्पण चाखलं,’ असा मजकूर. कित्येक ख्रिस्ती लोकांनी हे केलं, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक रडत दाराशी आले. रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना मंडळीत जागा नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्त करू द्या, मग घ्या. मी सिप्रियनच्या बाजूने. प्रभू येशूचा शिष्य पेत्र तर एका दासीच्या प्रश्नाला घाबरून ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला, तरी ‘माझी मेंढरे पाळ’ हे प्रभूने त्यालाच सांगितलं.

अबोली:
पेत्राचं नाव घेतलं की सगळं माफ? बायबलमधलं मत्तय १०:३३ वाचा. माणसांसमोर जो मला नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, हेही प्रभूचेच शब्द. जिचा नवरा तुरुंगात मेला पण अर्पण करायला तयार झाला नाही, तिच्या शेजारी बसून दाखलेवाल्याने प्रभुभोजन (मंडळीतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यायचं? घाव तिचा. परस्पर क्षमा करणारे आपण कोण? आणि सिप्रियन स्वतः तेव्हा लपून बसला होता.

मेघश्याम:
लपला होता, खरंय. पण २५८ मध्ये त्याने मान पुढे केली, शिरच्छेद झाला. दुसरं म्हणजे, अशा पडलेल्यांना परत घ्या म्हणून शिफारसपत्रं कोणी दिली? तुरुंगात हाल सोसणाऱ्यांनीच! उलट सिप्रियननेच त्यांना आवरलं, नुसत्या पत्रावर कुणाला घेऊ नका म्हणून. ज्यांनी सोसलं तेच जास्त मायेचे निघाले, याचा विचार करा.

तिसरा पक्ष:
३२५ ची निकाया इथली बिशपांची परिषद दोघांनीही बघावी. जबरदस्ती नसताना, मालमत्तेला धक्का नसताना जे ढळले, ते दयेला पात्र नाहीत असं तिने स्पष्ट म्हटलं, तरी दार बंद केलं नाही. जवळजवळ १२ वर्षांचं प्रायश्चित्त लावलं. मरणाऱ्याला मात्र प्रभुभोजन नाकारू नये, असाही नियम केला.

अबोली:
मरणाऱ्याचं मान्य, तिथे मी अडणार नाही. १२ वर्षंही मान्य. माझा विरोध आहे तो ‘देव दयाळू आहे’ म्हणत ती १२ वर्षं गाळून टाकणाऱ्यांना. बायबलमधल्या जकातदार जक्कयने फसवून घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. दाखलेवाला त्या विधवेला काय परत करणार?